तिकिटावरचे तास आणि बसण्याचे तास

आमच्या उमापूरसारख्या गावातूनही आता आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जाऊ लागले आहेत. कुणाचा नातू पाहायचा असतो, कुणाच्या लेकीचे बाळंतपण असते. निघण्यापूर्वी मंडळी रक्तदाब तपासून घेतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पंधरा तासांचा तर प्रवास!" हा हिशेब मला मान्य नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला १५ ते १६ तास लागतात. पण आधी उमापूरहून गेवराई, तेथून छत्रपती संभाजीनगर, मग रात्रभर बसने मुंबई. विमानतळावर तीन तास अगोदर हजर राहायचे. उतरल्यावर पुन्हा मोटार. शरीराच्या दृष्टीने हा दीड दिवसाचा प्रवास आहे आणि त्यातला बहुतेक वेळ पाय खाली सोडून बसण्यात जातो.

खरी काळजी या बसण्याची आहे. पोटरीचे स्नायू हलले, तरच पायांतील रक्त नीट वर ढकलले जाते. ते साकळले की गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग विमान असो, रेल्वे असो की एस.टी. निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक एवढेच असल्याने तिकीट रद्द करण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेली, नुकती शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगाची किंवा फार स्थूल व्यक्ती असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. झोपेची गोळी तर नकोच. माणूस तासन् तास हलत नाही.

मुले लाखाच्या घरातले तिकीट काढतात आणि मुंबईच्या एका मुक्कामाची काटकसर करतात, हे मला पटत नाही. रात्रीच्या बसमधून उतरून थेट विमानात बसण्यापेक्षा एक रात्र पाठ टेकलेली बरी. इंग्रजीच्या भीतीने चालती-फिरती माणसेही चाकाची खुर्ची मागतात. मदत अवश्य मागावी, पण पाय धड असतील तर चालावे.

विमानातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तसा असतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. त्यामुळे रक्त फार कमी असलेल्यांना किंवा दमेकऱ्यांना धाप लागू शकते. हे घरच्यांपासून लपवू नये.

मधुमेहींनी इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानात दिले तर गोठून निकामी होऊ शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ ते साडेदहा तासांनी लांबतो, परतताना तितकाच आखडतो. म्हणून कोणता डोस भारतीय घड्याळाने आणि कोणता तिकडच्या, हे दोन्ही वेळचे डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्यावे.