मालक मीच!

“मालक कुठायत? त्यांना पाठवा ना.”

पनवेलजवळच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा आमच्या वहिनींना हे म्हणाला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तसा तो मुलगा उद्धट नव्हता. आपल्याकडे नवऱ्याला ‘मालक’ म्हणायची रीतच आहे, त्याच्याही तोंडून ते सहज गेलं असणार. वहिनींनी पिशवीतून गाडीचं आर.सी. बुक काढलं, काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “मालक मीच. बोला.”

वहिनींचं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. पेणच्या आमच्या बचत गटात पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया असं सगळं होतं. रोह्याकडच्या दुकानांतून मागणी चांगली, पण माल पोचवायचा कसा? एस.टी.च्या टपावर टाकला की निम्म्या पापडांचा चुरा. भाड्याचा टेम्पो केला तर नफा भाड्यातच जायचा. शेवटी वहिनींनी धाडस केलं. स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, गाडी चालवायला शिकल्या, लायसन्स काढलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तीनचाकी टेम्पो दारात उभा केला.

शोरूममध्ये काय थाट! गाडीला हार, आम्हाला पेढे, हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली देऊन फोटो. “काही काळजी करू नका ताई, वॉरंटी आहे,” असं तो विक्रेता चार वेळा तरी म्हणाला असेल. वॉरंटीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. ती पिशवी घरी येऊन देवघराखालच्या कप्प्यात गेली. आपल्या बहुतेकींच्या घरात जाते तशीच.

पंधरा दिवसांतच कुरबुर सुरू झाली. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीचा चढ लागला की दुसरा गिअर आपोआप सुटायचा. मागे माल, पुढे वळण आणि गाडी चढावर एकदम ढिली! “पहिल्यांदा झालं तेव्हा जीव मुठीत घेऊन ब्रेकवर उभीच राहिले,” असं वहिनी सांगतात.

आणि इथे कळलं की, गाडी विकायला शोरूमवाले दारापर्यंत येतात, पण दुरुस्तीला आपल्याला जावं लागतं पनवेलला. रोह्याहून सत्तरएक किलोमीटर. महामार्गाचं काम, वडखळची कोंडी हे सगळं धरलं तर जाऊन येऊन पूर्ण दिवस मोडतो. त्या दिवशी माल पोचत नाही, म्हणजे पैसे येत नाहीत. वर डिझेल आपलं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हजर. गाडी बिघडली म्हणून बँक थांबत नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी गाडी वर-खाली करून पाहिली आणि “आता चालवून बघा” म्हणाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “माल जास्त भरत असाल. ओव्हरलोड.” वहिनींना तशा परिस्थितीतही हसू आलं. “अहो, पोह्याचे पापड असतात त्यात!” तिसऱ्या खेपेला कुणीतरी क्लचवर बोट ठेवलं आणि क्लच प्लेट झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं. चौथ्या खेपेला मी सोबत गेले. तेव्हा ते ‘मालक कुठायत’ झालं आणि त्यावर निकाल मिळाला की, दिवाळीच्या गडबडीत सर्व्हिसिंगला आठ दिवस उशीर झालाय, तेव्हा वॉरंटीच संपली.

घरी येऊन आम्ही दोघींनी देवघराखालची पिशवी काढली. चष्मे लावले आणि ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. बारीक अक्षर आणि सगळं इंग्रजीत. मी बी.ए. झालेली, तरी दोन-दोनदा वाचावं लागलं. तेव्हा समजलं की वॉरंटी म्हणजे ‘काही काळजी करू नका’ नव्हे, ती अटींची यादी असते. मुदत महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली, त्यातलं जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपली. टायर आणि बॅटरीची जबाबदारी बहुतेक वेळा ती बनवणाऱ्या कंपनीची, गाडीच्या कंपनीची नाही. ‘फुकट’ सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट, ऑइलचे पैसे आपले. आणि सर्व्हिसिंग ठरल्या वेळेत केली नाही तर वॉरंटी नाकारता येईल, हीसुद्धा अट होतीच. म्हणजे चूक वहिनींचीही होती. ती झाकण्यात अर्थ नाही.

पण वहिनी गटाच्या सचिव. पंधरा वर्षं हजेरी, बचत, व्याज सगळं वहीत लिहायची त्यांना सवय. गाडी पहिल्यांदा नेली तेव्हाच त्यांनी जॉबकार्डावर ‘चढावर दुसरा गिअर सुटतो’ हे वाक्य आपल्यासमोर लिहून घेतलं होतं आणि त्याची प्रत मागून घेतली होती. ती तारीख सर्व्हिसिंगच्या मुदतीच्या कितीतरी आधीची! म्हणजे दोष आधीचा आणि उशीर नंतरचा. आठ दिवसांच्या उशिराने गिअर बिघडला, असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं.

आम्ही पत्र लिहिलं. मराठीत, एक पानी. चारही खेपांच्या तारखा, जॉबकार्डांच्या झेरॉक्स, गाडी बंद राहिल्याचे दिवस. एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीला, स्पीड पोस्टाने. दुरुस्ती झाली नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, असं शेवटी लिहिलं. आमच्या घरातले दोन्ही ‘मालक’ म्हणाले, “कशाला कोर्टकचेरीच्या फंदात पडता?” आम्ही ऐकून घेतलं आणि पत्र टाकलं.

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस रोह्याला आला. वहिनींनी त्याला शेजारी बसवून भिसे खिंडीत नेलं. गिअर सुटला. गिअरबॉक्समधला भाग बदलून मिळाला, एक पैसा न घेता. आज गाडी नीट चालते. पण तेवीस दिवसांची बुडालेली कमाई कुणी भरून दिली नाही आणि वहिनींनीही पुढे भांडण नेलं नाही. “हंगाम तोंडावर आलाय, पापड लाटू की तारखा करू?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, आयोगात जायची वेळ आली असती तर तिथेही एक फाटा फुटला असता. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचं संरक्षण नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पोट भरण्यासाठी, स्वतः राबून स्वयंरोजगार करायला जी वस्तू घेतली, तिचा खरेदीदार ग्राहकच असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात चक्क रिक्षाचंच उदाहरण दिलंय. स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक, दुसऱ्याला चालवायला देणारा नाही. एक-दोघांची मदत घेतली म्हणून हा हक्क जात नाही. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, पापडाचं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं.

1986 च्या कायद्याच्या जागी आलेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यामुळे आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठल्याही गावची असो. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, एवढं पाळायचं. आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला तर घराबाहेरही पडावं लागत नाही.

ग्राहक चळवळ बायकांना नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीचं वाणसामानाचं वाटप घराघरांतल्या बायकांच्या संघांनी सांभाळलं. डाळ-तांदळाची पारख आपल्याला येते, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस येते. मग लाखो रुपयांची वस्तू घेताना आपण फक्त रंग का निवडतो?

कंपन्यांची बाजूही मी ऐकलीय. प्रत्येक तालुक्याला कारागीर ठेवणं परवडत नाही म्हणतात. नसेल परवडत. मग विकतानाच सांगा की दुरुस्तीला पनवेलला यावं लागेल. वॉरंटीतल्या गाडीसाठी महिन्यातून एकदा तरी पेण-रोह्याला माणूस पाठवा. पुस्तिका मराठीत द्या. वॉरंटीचे पैसे किमतीत आधीच घेतलेले असतात, ती मेहेरबानी नव्हे. आणि ती मिळवायला ग्राहकाचा दिवस बुडत असेल, तर ती वॉरंटी कागदावरच राहते.

हीच गोष्ट मालकीची. हल्ली कर्ज बाईच्या नावावर, गाडी बाईच्या नावावर, घरही बाईच्या नावावर होतं. आनंद आहे. पण सही आपली आणि कागद दुसऱ्याने वाचायचे, तर आपण सहीपुरत्याच मालकीण. वहिनी आर.सी. वर नाव लागलं त्या दिवशी मालक झाल्या नव्हत्या. झाल्या त्या जॉबकार्डावर आपलं म्हणणं लिहून घेतलं तेव्हा.

म्हणून आज दुपारी एवढं करा. कपाटातली, देवघराखालची ती प्लास्टिकची पिशवी काढा. फ्रिज, मिक्सर, स्कूटर, टेम्पो, जे असेल त्याची पुस्तिका वाचा. सर्व्हिसिंगची तारीख कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहा. एखादा शब्द अडला तर शेजारणीला बोलवा, दोघी मिळून वाचा.

आणि काउंटरवरून कुणी “मालक कुठायत?” असं विचारलं, तर काय सांगायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.