खोकल्याची मोजदाद

पावसाळा सरता सरता आणि पुन्हा माघाच्या थंडीत सातारा-सांगलीच्या घराघरांत सर्दी-ताप-खोकला मुक्कामाला येतो. ‘हवा बदलली’ म्हणून काढा उकळला जातो आणि विषय संपतो. एका घरातला खोकला ही बातमी नव्हेच. पण एकाच आठवड्यात गावातली पन्नास घरे खोकू लागली, तर तो इशारा असतो. तो ऐकू येण्यासाठी आधी मोजदाद हवी.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या देशात कोटीहून अधिक बळी घेतले. १९२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या १९११ पेक्षा घटलेली दिसली. मोजणी झाली, पण माणसे गेल्यावर!

आज साधने आहेत. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात आला. उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणे नोंदवते, वैद्यकीय अधिकारी निदान नोंदवतो, प्रयोगशाळा त्याची खात्री करते. यंदाचा आठवडा गतवर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडला, की नेहमीचा हंगामी ताप आणि नवे संकट यांतला फरक कळतो. विषाणूची ओळख पटवायला पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात (आताचे ईश्वरपूर) एका कुटुंबापासून सुरू झालेली करोनाची साखळी त्या वेळी तोडता आली, ती संपर्कातील माणसे शोधून काढल्यामुळेच.

तरीही या जाळ्याला दोन भोके आहेत. पहिले खासगी दवाखान्यांचे. असंख्य रुग्ण प्रथम तिथेच जातात आणि त्यांची नोंद डॉक्टरांच्या वहीतच राहते. दुसरे भोक अधिक बोचणारे आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांची कुटुंबे कृष्णाकाठी येतात, ऐन थंडीत उघड्या रानातील कोप्यांत, चुलीच्या धुरात राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडताच परततात. त्यांच्या लेकराला लागलेली धाप ना गावाकडच्या वहीत चढते, ना इथल्या. आपल्या चहात साखर घालणारे हात आपल्या हिशेबात नसावेत, हे समाजाला शोभणारे नाही.

खासगी डॉक्टरांनी आठवड्याचा आकडा आरोग्य केंद्राला कळवावा. सेवाकार्यातील कार्यकर्त्यांनी आरोग्यसेविकेला सोबत घेऊन आठवड्यातून एकदा कोप्यांपर्यंत जावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य. ज्याची नोंद नाही, त्याच्यापर्यंत औषधही पोहोचत नाही.