पाऊस पडला, पण सर्व्हरला कळलंच नाही? ‘कीप-अलाइव्ह’चा पेच समजून घ्या

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. परभणीच्या सोयाबीन-कापूसवाल्या शेतकऱ्याची मदत या आकड्याशी बांधलेली असते. ‘महावेध’मधून मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. १ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘विंड्स’सारख्या उपक्रमांसाठी ८२४.७७ कोटींचा निधी मंजूर केला. त्यात पर्जन्यमापक थेट पंचायत पातळीवर न्यायचे आहेत.

यंत्रं वाढतील, पण धो-धो पावसात मोबाईल टॉवरच बंद पडला तर? ‘मी चाललो’ असं न सांगताच केंद्र गप्प होतं आणि सर्व्हरला वाटत राहतं की जोडणी चालू आहे. यावर टीसीपीमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ आहे. जोडणी शांत असली की समोरच्याला मधूनमधून हाक मारून बघायची. अडचण अशी की हा पर्याय चालू केला तरी लिनक्स पहिली हाक २ तासांनी मारतं, मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण ९ हाका. म्हणजे केंद्र गेल्याचं कळायला सुमारे २ तास ११ मिनिटं!

सर्व्हर पायथॉनमध्ये असेल तर ही वेळ कमी करता येते, पण सगळीकडे सारखी नाही. मॅकवर त्यासाठीचं नावच पायथॉन ३.१० मध्ये आलं. तोवर लोक नावाऐवजी थेट १६ हा क्रमांक द्यायचे. जुगाड चालतो, पण जपून: लिनक्सवर हाच पर्याय क्रमांक ४ आहे आणि १६ म्हणजे भलतंच काहीतरी. म्हणून आधी कुठली सिस्टीम आहे ते तपासा, मगच क्रमांक द्या. ‘रिक्वेस्ट्स’सारखी लायब्ररी सॉकेट झाकून ठेवते, तिथे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लिहून पर्याय आत पोचवावे लागतात.

एवढं केलं तरी कळतं फक्त जोडणी तुटल्याचं. हुकलेली नोंद परत येत नाही. त्यासाठी केंद्राने नोंदी वेळेसह स्वतःकडे साठवून, रेंज आल्यावर पुन्हा पाठवायला हव्यात. आणि सर्व्हरने ‘० मिमी’ आणि ‘नोंद आली नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेवलेच पाहिजेत. नाहीतर टॉवर पडलेल्या रात्रीचा मुसळधार पाऊस कागदावर कोरडा दिसेल, आणि त्याची किंमत शेतकरी मोजेल.