पाकीट जिंकायचं की विकत घ्यायचं?

मुलांच्या गेमबद्दल पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दिवसाला किती वेळ खेळू द्यायचं? प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. डोळे, झोप आणि अभ्यास यांसाठी तास मोजायलाच हवेत. मात्र दोन मुलं रोज तासभरच, पण वेगवेगळे गेम खेळत असतील, तर त्यांना लागणाऱ्या सवयी सारख्याच असतील असं नाही. हा फरक समजून घ्यायला पंचवीस वर्षांहून जुना एक गेम उपयोगी पडतो.

निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी डिसेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम’ आला. २००० साली तो अमेरिकेत आणि युरोपात पोहोचला. त्याचा आधार होता पोकेमॉनची कागदी कार्डं. ही कार्डं जपानमध्ये १९९६ पासून बंद पाकिटांत विकली जात होती. पाकिटात कोणती कार्डं आहेत हे फोडल्याशिवाय कळत नसे. दुर्मीळ कार्ड हवं असेल तर आणखी एक पाकीट, मग आणखी एक. अमेरिकेत तर या कार्डांचं वेड इतकं वाढलं की अनेक शाळांनी त्यांवर बंदी घातली आणि १९९९ मध्ये काही पालक ‘हा जुगारच आहे’ असं म्हणत न्यायालयात गेले.

गेम बॉयवरच्या खेळात कार्डं तीच, नियमही जवळपास तेच. पण एक गोष्ट मुळापासून वेगळी होती. सुरुवातीला डॉ. मेसन नावाचं पात्र तीनपैकी एक तयार डेक, म्हणजे साठ कार्डांचा कॅट, निवडायला देतं. मग आठ क्लब, त्यांतले खेळाडू आणि प्रत्येक क्लबचा प्रमुख. त्यांत एक चक्क विज्ञान क्लबही आहे. शेवटी चार महागुरू. डाव जिंकला की बक्षीस म्हणून दहा कार्डांची बंद पाकिटं मिळतात. पाकीट मिळवण्याचा मुख्य मार्ग जिंकण्याचा, आणि पैसे देऊन ते घेण्याची सोयच नाही. हरलात तरी गाठीचं कार्ड जात नाही. डेक सुधारायचा आणि पुन्हा बसायचं.

या सुधारण्यातच खरं शिक्षण आहे. एका डेकमध्ये एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात (मूलभूत ऊर्जाकार्डांना ही मर्यादा नाही). सुरुवातीला हातात सात कार्डं येतात. आवडतं कार्ड डेकमध्ये एकच असेल, तर ते पहिल्या सातांत येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. चार असतील तर सुमारे ४० टक्के. खेळणारं मूल ही आकडेमोड कागदावर करत नाही, पण दहा-वीस डावांनंतर त्याला हे उमगतं. अनेक हल्ल्यांचा परिणाम नाणेफेकीवर ठरतो. सलग तीनदा काटा पडला म्हणून चौथ्यांदा छापा पडण्याची शक्यता वाढत नाही, हेही ते अनुभवाने शिकतं. ‘आता तरी माझं नशीब उघडणारच’ या समजुतीने मोठी माणसंही लॉटरीत पैसे घालवतात. हा धडा इथे फुकट मिळतो.

म्हणजे नशिबाचा भाग याही गेममध्ये भरपूर आहे. पाकिटात काय निघेल याची उत्सुकता इथेही तीच. मग बिघडतं कुठे?

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दर ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळण्याऐवजी तो कधी मिळेल याचा नेम नसला, की पक्षी जास्त चिकाटीने टोचत राहतो. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की डोपामिनशी संबंधित चेतापेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरदार प्रतिसाद देतात. अपेक्षेप्रमाणेच मिळालेल्या बक्षिसाला तेवढा देत नाहीत. बंद पाकीट आपल्याला ओढतं ते यामुळे. ही ओढ हा मेंदूचा दोष नाही. अनोळखी जगात शिकण्यासाठी ती आवश्यकच आहे.

प्रश्न असा, की ही ओढ कशाला जोडली आहे? जुन्या गेममध्ये ती प्रयत्नाला जोडलेली होती. पुढचं पाकीट हवं, तर पुढचा डाव नीट खेळायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कार्डांचा मोबाइलवरचा नवा गेम, ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ आला. त्यात दर बारा तासांनी पाच कार्डांचं एक पाकीट फुकट मिळतं. आधी हवं असेल तर खऱ्या पैशांनी ‘पोके गोल्ड’ घेऊन पाकीट फोडता येतं. एकही रुपया न देता तो खेळता येतो, हेही खरं. पण पाकिटापर्यंत जाणारा पैशांचा रस्ता आता उघडा आहे. एकीकडे जिंकायची खटपट, दुसरीकडे थांबायचा कंटाळा आणि तो टाळायची किंमत. मुलाला मिळणारा धडा बदलतो तो इथे.

ही भीती निराधार नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंच्या पाहणीत नोंदवलं, की गेममधल्या अशा ‘लूट बॉक्स’वर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराच्या समस्येची तीव्रताही जास्त आढळते. यातून एकामुळे दुसरं घडतं हे सिद्ध होत नाही; आधीच जुगाराकडे कल असलेले लोक अशा पाकिटांकडे ओढले जात असतील. पण तसं असेल तरी काळजी कमी होत नाही, कारण मग ही पाकिटं सर्वांत दुबळ्या ग्राहकाकडूनच कमाई करतात. जपानने २०१२ मध्ये या प्रकारातल्या एका जाचक पद्धतीला बेकायदा ठरवलं, तर बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात मोडतात अशी भूमिका घेतली. भारतात २०२५ मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. मात्र बंद पाकिटातून पैसे परत मिळत नाहीत, चित्र मिळतं. त्यामुळे घरातल्या कोणालाही तो जुगार वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळाला प्राधान्य मिळणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं, ही त्याची लक्षणं. साधारण वर्षभर ती टिकली तरच निदान होतं. बहुतेक मुलं यात बसत नाहीत. पण ही सगळी तपासणी माणसाची आहे. गेम कसा बांधला आहे, याची तपासणी कोण करणार?

जुना गेम साधुसंत होता असं मुळीच नाही. तो कागदी कार्डांची जाहिरातही होता. इंग्रजी आवृत्तीच्या खोक्यात मियाउथचं खरं कार्ड सोबत मिळत असे. पण एकदा विकत घेतल्यावर तो पुन्हा पैसे मागत नसे. चार महागुरूंना आणि शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं की गोष्ट संपे. चार दिवस हात लावला नाही, तरी काही बुडत नसे.

म्हणून मुलाच्या हातात गेम देताना घड्याळाबरोबर तीन प्रश्नही विचारावेत. बक्षीस खेळून मिळतं की पैसे देऊन? गेमला शेवट आहे का? चार दिवस न खेळल्यास काही गमवावं लागतं का? उत्तरं शोधायला गेमतज्ज्ञ असावं लागत नाही. मुलाशेजारी अर्धा तास बसलं तरी पुरतं. सोबत फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावावा आणि तो आपल्याकडेच ठेवावा.

हरल्यावर डेक पुन्हा मांडायला बसणारं मूल काहीतरी शिकत असतं. हरल्यावर आईचा फोन मागायला येणारं मूलही शिकतच असतं. दोघांचा स्क्रीनसमोरचा वेळ कदाचित सारखाच भरेल.