मृत खातेदाराची सही

बँकेत माझी उमेदीची वर्षे सह्या पडताळण्यात गेली. डाव्या हाताला नमुना सहीचे कार्ड, उजव्या हाताला चेक. त्यातून एक कळले, की जित्याजागत्या माणसाची सही दर वेळी थोडी हलते. जी तंतोतंत जुळते, तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे.

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या आईची एक जुनी कॅसेट संगणकात घेतली. १९८६ साली बहिणीने स्वयंपाकघरात भरलेली. आई जात्यावरच्या ओव्या म्हणते आहे आणि मागे कुकरच्या शिट्या, नळाचे पाणी, कुणाचे तरी रडणे. भाच्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हा सारा कालवा बाजूला काढला. उरली ती फक्त आई. दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेते, तोही ऐकू आला. आम्ही भावंडे बराच वेळ बोललो नाही.

बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'चे असेच झाले. जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर म्हटलेले हे गाणे कॅसेटवर होते. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते पुरे करायला घेतले आणि सोडून दिले. आवाज आणि पियानो एकमेकांत गुंतले होते. हा गुंता यंत्राने सोडवला आणि २०२३ मध्ये गाणे प्रसिद्ध झाले. त्यातला लेननचा आवाज बनवलेला नाही, त्याचाच आहे. मृताच्या खात्यातली शिल्लक वारसांच्या हाती पडावी, तसे हे.

मग भाचा म्हणाला, "मामा, ताईच्या लग्नात आजीच्या आवाजात मंगलाष्टके म्हणवून घेऊ या?"

बहीण लगेच हो म्हणाली. मी नाही म्हणालो.

ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या २०२४ च्या तमिळ चित्रपटात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून नवे गाणे केले. कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला. न विचारता आवाज उचलणाऱ्यांच्या गर्दीत हा व्यवहार चोखच म्हणायचा. तरी माझ्यातला बँकवाला अडतो. खातेदार गेल्यावर वारसांना शिल्लक मिळते, लॉकरमधले दागिने मिळतात. त्याच्या सहीचा नवा चेक मात्र फाडता येत नाही. सगळ्या वारसांचे एकमत असले तरी नाही. (मी कादंबऱ्यांत मेलेल्यांच्या तोंडी वाक्ये घालतो हे खरे, पण मुखपृष्ठावर नाव माझे असते.)

जिवंत गायक निदान दाद मागू शकतो. २०२४ मध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्यांना न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखले. माझी आई कुठे जाणार?

हे मी बहिणीला ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा गेल्यावर आईला एकाही मांडवात पुढे येऊ दिलं नाही आपण. माझ्या लग्नात ती मागच्या खोलीत बसली होती. तेव्हा तिला विचारलं होतंस?"

मी गप्प राहिलो.

लग्न मार्गशीर्षात आहे. कॅसेट मी माझ्या कपाटात आणून ठेवली आहे. भाच्याच्या संगणकात तिची प्रत आहेच.