पॉझिटिव्ह मी रिपोर्टमध्येच आहे

मी चार वर्षांचा असल्यापासून पॉझिटिव्ह आहे. रक्ताच्या पहिल्या चाचणीत तसंच लिहून आलं होतं. मग पुढच्या तपासणीत ‘एसएस’ निघालं. म्हणजे आई-बाबा दोघंही सिकलसेलचे वाहक आणि दोघांकडचंही सदोष जनुक माझ्या वाट्याला. त्यामुळे कुणी ‘पॉझिटिव्ह राहा रे’ म्हटलं की मला आधी हसू येतं. राग नंतर येतो.

हे सांगणारे लोक वाईट नसतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या काकू तर सोबत बीट आणि खजूरही सुचवतात. (सिकलसेलमधला ॲनिमिया लोह कमी पडल्यामुळे होत नाही. उलट वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह साठून बसतं. पण बीटाविरुद्ध बोलणं म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये देशद्रोह.)

हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. फक्त एक. तेवढ्यानं, ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. नेहमीची पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. अडकली की पुढे रक्त जात नाही आणि हाडाच्या आतून दुखायला लागतं. हा क्रायसिस. तो थंडीनं येतो, तापानं येतो, दमल्यानं येतो, पाणी कमी प्यायल्यानं येतो. मनावरच्या ताणानंही येऊ शकतो, हे मान्य. मग ताण कुठून येतो तेही बघा ना. डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी पी. आमच्या किडन्यांना पाणी धरून ठेवणं नीट जमत नाही, त्यामुळे सारखं लघवीला जावं लागतं. लोकलमध्ये टॉयलेट नसतं. सकाळी डोंबिवली स्टेशनवर मी रोज हा हिशोब करतो: पाणी प्यायचं की ठाण्यापर्यंत तग धरायचा? यात पॉझिटिव्ह विचार कुठे बसवायचा?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाठ आणि मांड्या धरल्या. रात्री दीडला कल्याणच्या एका हॉस्पिटलात गेलो. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय? मी म्हणालो, आठ. तेव्हा मी फोनवर मीम बघत होतो. दुखण्यावरून लक्ष काढायची ही माझी जुनी सवय. तो म्हणाला, “आठवाले फोन बघत नाहीत.” पॅरासिटामॉल लावून गेला. मी शांत पडलो होतो म्हणून पहाटेपर्यंत तसाच पडलो. त्या रात्री कळलं की बाहेर हसायचं आणि कॅज्युअल्टीत कण्हायचं, नाहीतर औषध मिळत नाही.

आता कबुली. मीही या धंद्यात होतो. लिंक्डइनवर ‘सिकलसेल वॉरियर’ म्हणून लांबलचक पोस्ट टाकली होती. फोटो, हसरा चेहरा, भरपूर लाइक. सहा महिन्यांनी मॅनेजरकडे दोनच गोष्टी मागितल्या: एसीच्या झोतापासून लांबची जागा आणि पावसाळ्यात घरून काम. तो मनापासून म्हणाला, “अरे, तू तर फायटर आहेस! तुझी पोस्ट मी टीमला दाखवली होती.” जागा तीच राहिली. पोस्ट मी डिलीट केली.

हसू नका, आशा धरू नका, असं माझं म्हणणं नाही. कॉलेजात असताना हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. त्यानं क्रायसिस कमी होतात, हे १९९५ मध्येच मोठ्या चाचणीत दिसलं होतं. माझेही कमी झाले. गोळीनं माझा मूड सुधारला. मूडनं गोळीचं काम कधी केलं नाही. आणि ही गोळी रोज लागते, त्यावर ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. मोखाड्याच्या पाड्यावरून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर येणाऱ्या मुलीला हा आजार असेल, तर उन्हात विटा वाहताना तिची गोळी आणि तिची तपासणी कोण बघणार? तिला सांगा बरं, पॉझिटिव्ह राहा.

नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. त्यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, सरकारदरबारी वर्षानुवर्षं भांडले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्यांची चिडचिडच आमच्या जास्त कामी आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आलं. तरी गंमत बघा. ४० टक्क्यांचा दाखला असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांत आम्ही बसतो, पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. शिकताना दिव्यांग, नोकरी मागताना धडधाकट.

१ जुलै २०२३ ला शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली: ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी हवीच. पण आजार आधीच घेऊन जगणाऱ्यांचं काय? २०४७ मध्ये मी पन्नाशीचा असेन. असेन, हे मी पॉझिटिव्हली गृहीत धरलंय.

परवा ऑफिसला पुन्हा मेल टाकली. मागण्या त्याच, एसी आणि पावसाळा. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलंय. शेवटी हसरा इमोजी टाकायचो, तो या वेळी टाकला नाही.