मुरूडचा संसारी माणूस

दापोलीजवळच्या हर्णे बंदरावर माशांचा लिलाव बघायला पर्यटकांची झुंबड उडते. शेजारचं मुरूड मात्र अनेकांना फक्त किनारा म्हणून ठाऊक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव.

1893मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न केलं आणि याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. 1896मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900मध्ये शहराबाहेर हिंगण्याला नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून कर्वे चिखल तुडवत तिकडे पायी जात. संस्था बांधण्याची कारागिरी ती हीच! आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. आनंदीबाई चिडल्या, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? पुढे चिरंजीव भास्कररावही हिंगण्यातच राबले.

दापोलीच्या सहलींत शाळांनी सुवर्णदुर्ग किल्ल्यासोबत कर्व्यांची ही गोष्टही मुलांना सांगावं.